भरून ठेवलेली टाकी

कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे मोटारीमागं ओढत न्यायच्या चाकांवरच्या खोलीत, संडास आणि गॅसची शेगडी यांच्यात जेमतेम दोन हात अंतर असतं. हे ज्यानं पहिल्यांदा ठरवलं त्याला आयुष्यात कधी पोह्यांना फोडणी द्यावी लागली नसणार. इकडे मी मोहरी तडतडवतेय आणि तिकडे पातळ प्लायवुडच्या दाराआड माझा नवरा खाकरून आपण आत असल्याचं कळवतोय. शी! बरं, तिथं जे होतं ते वाहून कुठं जात नाही. खाली एका प्लास्टिकच्या पेटीत साठतं. पेटीला चाकं असतात, दांडा असतो. विमानतळावर बॅग ओढावी तशी ती ओढत न्यायची आणि ठरवून दिलेल्या जागी ओतून यायचं. लोक हे सुट्टी काढून, हौसेनं करतात. वर फोटोही टाकतात.

कॅरव्हॅन आमची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माझ्या मैत्रिणीची होती. आम्ही दोघी एकाच वर्षी इकडे ऑस्ट्रेलियात, सिडनीला शिकायला आलो. ब्लॅकटाउनमध्ये एका खोलीत दोन गाद्या जमिनीवर टाकून राहिलो, एकाच कुकरमध्ये वरणभात शिजवला, एकमेकींचे स्वेटर घातले. पुढे ती वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स झाली, मी एका युनिव्हर्सिटीच्या अॅडमिशनच्या ऑफिसात चिकटले. माझं लग्न झालं, तिनं केलं नाही. घरं मात्र चालत दहा मिनिटांवर राहिली आणि त्या दहा मिनिटांत पंधरा वर्षं आमचे डबे जा-ये करत राहिले.

डबा रिकामा परत करायचा नाही, हे आम्हाला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. आई करायची, म्हणून आम्ही करायचो. तिनं भरली वांगी धाडली की डबा घासूनपुसून त्यात माझ्याकडचं काहीतरी जायचं. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर. एकदा तर तिनं नुसती कढीपत्त्याची डहाळी घालून डबा पाठवला होता आणि वर मेसेज, ‘आज पगार झाला नाहीये.’ पंधरा वर्षांत एकही डबा रिकामा आला नाही की गेला नाही. हे सांगणं गरजेचं आहे, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

महामारी यायच्या आधी तिचे बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि इथेच अडकले. विमानं बंद, व्हिसा वाढवून घेतला, मग पुन्हा वाढवून घेतला. काकांनी पुण्यात छापखान्यात आयुष्य काढलं होतं. शाईचा आणि कसल्या कसल्या रसायनांचा वास घेऊन घेऊन छाती पार कामातून गेली होती. दारापासून लेटरबॉक्सपर्यंत गेले की कुंपणाला हात टेकून उभे राहायचे आणि धाप लागल्याचं कळू नये म्हणून आकाशाकडे बघत हवामानावर बोलायचे. मला ‘काय सुगरणबाई!’ अशी हाक मारायचे, कारण एकदा मी त्यांना करपलेलं थालीपीठ वाढलं होतं. खाल्लं सगळं, पण नाव चिकटवलं ते चिकटवलंच.

मैत्रिणीच्या भाड्याच्या घरात बाथरूम एकच. तिच्या डोक्यात पहिल्यापासून एक गोष्ट पक्की होती. उद्या आपल्या वॉर्डात कोविड आला तर आपण तो घरी आणणार आणि बाबांची छाती तो सहन करणार नाही. म्हणून तिनं ती जुनी कॅरव्हॅन घेतली. बाबांना चार ठिकाणं दाखवायची हा एक उद्योग होता, पण खरं काम वेगळं होतं. वेळ आली की कॅरव्हॅन घरापुढच्या ड्राइव्हवेत लावायची, बाबा घरात, ती कॅरव्हॅनमध्ये. तिथं झोपायचं, तिथं आंघोळ, तिथंच तो संडास. हे ती इतक्या वेळा बोलायची की मी एकदा म्हटलं, “अगं, तू तर वाटच बघतेयस त्याची!” ती हसली नाही. “मी तयारी करतेय,” म्हणाली.

पहिलं वर्ष तसं निभावलं. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात सगळं सैल झालं होतं. काकांना बर्फ बघायचा होता. “बर्फ मी फक्त उसाच्या रसात बघितलाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून मैत्रिणीनं कॅरव्हॅन डोंगर ओलांडून ओबेरॉन नावाच्या गावाकडे नेली आणि तिथल्या तिच्या जुन्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेंढीवाल्याच्या शेतावर, पत्र्याच्या शेडच्या आडोशाला ठेवली. दर खेपेला घाटातून ओढत आणायचा त्रास नको, हिवाळाभर तिथंच राहू दे, असं ठरलं. जूनमधल्या लाँग वीकेंडला बापलेक जाऊन आले. बर्फ काही पडला नाही. जुलैत पुन्हा जायचं ठरवून परत आले, आणि मधल्या वीकेंडला तिनं किल्ली माझ्या हातात दिली. “जा दोघं, मजा करा,” म्हणाली. “फक्त निघताना यादी बघ.”

यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. लाल पेनानं, मराठीत, मोठ्या अक्षरात. ‘निघताना सगळं रिकामं. टाकीचं बूच खालून उघडायचं. पंप बंद. सगळे नळ उघडे सोडायचे. गरम पाण्याची टाकी रिकामी. संडासाची पेटी रिकामी, कोरडी, झाकण उघडं. किटलीत थेंब नको.’ आणि खाली दोन रेघा मारून, ‘इथे रात्री पाणी गोठतं. गोठलं की पाइप फुटतात.’

खरं सांगायचं तर यादी वाचून माझं डोकं सणकलं. इतकी वर्षं ओळखते मी हिला, आणि ही मला शाळेतल्या पोरीसारखं लाल पेनानं लिहून दाखवणार? नर्स आहेस ती वॉर्डात. शिवाय दोन दिवसांत त्या कॅरव्हॅननं मला पुरता उबग आणला होता. काचांना आतून घाम यायचा. उशीला आदल्या कुणाच्या तरी तेलाचा वास. सकाळी गवत पांढरंफटक, बोटं बधिर, आणि त्यात नवरा ती पेटी ओढत चाललाय आणि मला हाक मारतोय, “ए, झाकण धरायला ये ना!” मी नाही गेले. 

रविवारी दुपारी नवऱ्यानं यादीप्रमाणे सगळं केलं. तो इंजिनिअर, त्याला असल्या कामात गोडी. कॅरव्हॅनखाली आडवा होऊन बूच काढलं, टाकी रिती केली, नळ उघडे सोडले, पंप बंद केला, एकेक ओळ वाचून टिक केली आणि मग शेतकऱ्याशी गप्पा मारायला त्याच्या घराकडे गेला. मी मागं उरलेलं आवरत बसले. ओटा पुसला, चादरी घड्या केल्या, आणि मग दारात उभी राहून मागं वळून बघितलं.

रिकामी कॅरव्हॅन. कपाटं उघडी, नळ आ वासलेले, किटली उपडी. मैत्रिणीनं दोन दिवस आपली वस्तू वापरायला दिली आणि मी ही अशी परत करणार? मला ते बघवेना. तीन आठवड्यांनी ती आणि काका संध्याकाळी थंडीत पोचणार. काका धापा टाकत बसणार, आणि हिला चहाच्या पाण्यासाठी आधी पाइप जोडत बसावं लागणार. मी रव्याचे लाडू नेले होते त्यातले आठ शिल्लक होते. ते माझ्या स्टीलच्या डब्यात भरून टेबलावर ठेवले. तेवढ्यानं समाधान होईना. मग मी शेतकऱ्याकडचा बागेचा पाइप ओढत आणला आणि टाकी भरायला लागले.

म्हातारा शेडमधून बघत होता. जवळ आला. “लव्ह, मी नसतं भरलं,” म्हणाला. “इथे सगळं गोठतं गं.” म्हणजे इंग्रजीत, पण त्याचा सूर असाच होता, घरच्यासारखा. मी हसून म्हटलं, आमच्यात वस्तू रिकामी परत देत नाहीत, ती आमची रीत आहे. त्यानं टोपी मागं सारून माझ्याकडे बघितलं. “नो वरीज,” म्हणाला आणि पाइप गुंडाळायला मला मदतसुद्धा केली. ऐंशी लिटरची टाकी मी काठोकाठ भरली. बूच घट्ट लावलं. पाणी येतंय ना हे बघायला पंप चालू केला, प्रत्येक नळाला धार आल्याची खात्री केली, नळ नीट बंद केले. किटली भरून ठेवली. तेवढ्यात नवऱ्यानं गाडीचा हॉर्न वाजवला आणि मी पंप तसाच चालू ठेवून दार लावलं.

घाट उतरताना मला फार बरं वाटत होतं. तो आनंद मला आठवतो आणि आज त्याचीच सगळ्यात जास्त शिसारी येते.

पुढच्याच आठवड्यात सिडनी बंद झालं. आधी वाटलं दोन आठवडे, मग आणखी, मग आमच्या भागात तर पोलीस गल्लीतून फिरायला लागले. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही, घराबाहेर तोंडावर मास्क. माझ्या मास्कच्या आत माझाच शिळा श्वास, चहाचा आणि कांद्याचा. बातम्यांत रोज आकडे. व्हॉट्सअॅपवर रोज कुणीतरी काढ्याची कृती पाठवायचं आणि खाली वीसजण हात जोडायचे. मला माणसांचाच वीट आला होता.

टाकी आठवली नाही असं मुळीच नाही. थंडीची लाट आली, ओबेरॉनला तापमान शून्याखाली गेलं असं टीव्हीवर दाखवलं. ती लाल अक्षरं डोळ्यांसमोर आली. फोन हातात घेतला होता मी. मग म्हटलं, होऊन होऊन काय होईल? गोठेल आणि सकाळी वितळेल. पाणीच आहे ते. उगाच तिला कशाला घोर, आधीच तिच्या शिफ्टा वाढल्यात. असं मी स्वतःला समजावलं आणि फोन ठेवून दिला. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

जुलैच्या मध्याला तिचा वॉर्ड कोविडचा झाला. तिनं त्याच दिवशी शहराबाहेर जायच्या परवानगीसाठी हॉस्पिटलचं पत्र घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एकटीच गाडी घेऊन कॅरव्हॅन आणायला गेली. दुपारी तिचा मेसेज आला, ‘घरी पोचले. येतेस का फिरत फिरत? फूटपाथवरूनच.’ फिरायला जायला परवानगी होती. मी गेले.

कॅरव्हॅन ड्राइव्हवेत उभी होती. काका खिडकीच्या काचेआड, शाल पांघरून. ती कॅरव्हॅनच्या उघड्या दारात उभी होती आणि मी फूटपाथवर, आणि तिथपर्यंत तो वास आला. मास्कमधून आला. ओला फोम, कुजलेलं प्लायवुड, आंबलेलं काहीतरी, आणि त्या सगळ्याखाली संडासात ओतायच्या औषधाचा तो गोडसर वास. मी कुंपणाकडे वळून ओकारी दाबली.

“बघ,” ती म्हणाली आणि फोनचा टॉर्च आत मारला. फरशीचं लिनोलियम फुगून वर आलं होतं. पलंगाखालचा पाइप फुटला होता आणि दिवसा बर्फ वितळला की पंप आपलं काम चोख करत बसला होता, टाकी संपेपर्यंत. गादी खालून भिजून काळी पडली होती. भिंतींवर, कपाटांच्या दारांवर, छतापर्यंत बुरशी, काळी आणि हिरवी, मखमलीसारखी मऊ. तिची यादी कपाटाच्या दारावरून सोलून लोंबत होती, लाल शाई ओघळलेली. टेबलावर माझा स्टीलचा डबा जागच्या जागी होता. त्यातल्या लाडवांना केस फुटले होते.

“टाकी रिकामी केली होती ना गं तुम्ही?” तिनं विचारलं. आवाजात संशय नव्हता, नुसता थकवा होता. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “हो, म्हणजे काय! ह्यानं माझ्यासमोर केली. यादीवर टिक करून.”

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी हे वाक्य घरून येताना तयार करून आणलं होतं, दहा मिनिटांत, दोनदा घोळवून.

“मग हा म्हातारा,” ती म्हणाली. “यानंच वापरली असणार. मेंढ्यांची लोकर कापायला माणसं येतात त्याच्याकडे, त्यांना झोपायला दिली असेल. वर तोंड करून मला म्हणतो, लव्ह, आय ॲम सॉरी. लाज नाही वाटत?”

“या लोकांना काय कळतंय,” मी म्हणाले. हेही मीच म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो भडकलाच. स्वतःच्या हातानं बूच काढलं होतं त्यानं! त्यानं मैत्रिणीला फोन करून छातीठोक सांगितलं की टाकी कोरडी ठणठणीत होती, हा म्हाताऱ्याचाच प्रताप आहे. त्यावर तिनं म्हाताऱ्याला फोन केला आणि जे काही सुनावलं ते मला नंतर कळलं. चार वर्षांचा सलोखा एका फोनमध्ये संपवला तिनं. म्हाताऱ्यानं उलट शब्द काढला नाही म्हणे. मी ऐकत होते आणि भांडी घासत होते.

त्या कॅरव्हॅनमध्ये कुणाला झोपता येणं शक्यच नव्हतं. तिनं ब्लीच आणून दोन दिवस घासली, पण बुरशी पुसल्यावर दुसऱ्या सकाळी परत. दुरुस्तीला कुणी यायला तयार नव्हतं, लॉकडाउनमध्ये कोण येणार? मग ती गाडीत झोपायला लागली. जुलैत, ड्राइव्हवेत, मागची सीट पाडून, अंगावर दोन रजया. बारा तासांची शिफ्ट करून यायची, बागेच्या नळावर हातपाय धुवायची आणि गाडीत शिरायची. काका खिडकीतून बघत राहायचे. बाथरूम वापरायला ती आत जायची तेव्हा ते स्वतःच्या खोलीत दार लावून बसायचे आणि ती सगळं औषधानं पुसून बाहेर यायची.

मी डबे पोचवत होते. एवढंच मला जमत होतं. गेटवर ठेवायचा, बेल वाजवायची, मागं सरकायचं. पिठलं, मऊभात, मुगाची खिचडी. दुसऱ्या दिवशी आदला डबा गेटवर घासून ठेवलेला असायचा आणि त्यात काहीतरी असायचंच. परसातली दोन लिंबं. खडीसाखर. एकदा हॉस्पिटलात वाटलेली बिस्किटं, पुडीसकट. गाडीत झोपणारी बाई ती, आणि डबा रिकामा पाठवायची नाही. ती लिंबं मला खाववली नाहीत. फ्रिजमध्ये ठेवली आणि सुकल्यावर फेकली.

आठवडाभरानं काकांनीच दंगा केला. पहाटे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, लेक गारठून मरत असताना मला गादीवर झोप लागत नाही, तू आत ये नाहीतर मी त्या कॅरव्हॅनमध्ये जाऊन झोपतो. तिनं खूप विनवलं. ते खरंच निघाले. चप्पल घालून, शाल घेऊन, त्या बुरशीकडे. मग ती आत गेली. काय करणार होती? हे तिनं मला फोनवर सांगितलं आणि रडली. म्हणाली, “ती एक वस्तू मी फक्त यासाठी घेतली होती गं. फक्त यासाठी.”

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. आणि बाहेर काय आलं, तर “अगं, होईल सगळं ठीक.”

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिला सर्दी झाली, नंतर काकांना ताप. तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली, मग त्यांची. तिला चार दिवस अंगदुखी आणि संपलं. काकांना अॅम्ब्युलन्सनं नेलं. ती ज्या हॉस्पिटलात रोज दुसऱ्यांच्या बापांची काळजी घ्यायची तिथंच तिचा बाप ऑक्सिजनवर, आणि ही घरात अडकलेली, टॅबलेटवर त्यांचा चेहरा बघत. अकरा दिवस. मी देवापुढे बसत नाही कधी, त्या दिवसांत बसले. पण देवापुढेसुद्धा मी पाइपचं बोलले नाही. नुसतं ‘त्यांना बरं कर’ म्हणत राहिले, बाकी गाळून. इतकी कोडगी मी.

काका वाचले. घरी आले ते एक यंत्र घेऊन, घरघर करणारं, आणि नाकात नळी. नळीची लांबी होती तेवढंच त्यांचं घर उरलं. लेटरबॉक्सपर्यंत ती पुरत नव्हती. बर्फाचं नाव कुणी काढलं नाही. ‘सुगरणबाई’ म्हणायलाही त्यांना मध्ये थांबावं लागायचं. एकदा खिडकीच्या फटीतून म्हणाले, “सुगरण...” आणि उरलेलं हातानंच केलं. मी मास्कच्या आत हसले. मला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

सप्टेंबर संपता संपता, जरा सूट मिळाल्यावर, मैत्रीण माझ्या दाराशी आली. पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत. हातात कापडी पिशवी. मी म्हटलं आत ये ना, अंगणात बसू, चहा टाकते. ती पायरीखालीच उभी राहिली. दमलेली दिसत होती, पण तिचा चेहरा मला वाचता येईना. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“त्या म्हाताऱ्याचा फोन आला होता,” ती म्हणाली. “बाबांची चौकशी करायला.”

मी पायानं पायपुसणं सरळ केलं.

“मी एवढं बोलले त्याला, तरी त्यानंच फोन केला. बराच वेळ बोललो आम्ही.” ती थांबली. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली, हे मला नक्की कळलं. समोरच्या घराचं गवत कुणीतरी कापत होतं आणि त्या मशीनचा आवाज येत होता. मी काय केलं असेल? मी म्हटलं, “हो का? चांगलाय मग तो.”

तिनं मान हलवली, पिशवी पायरीवर ठेवली आणि गेली. गेट लावून गेली, नेहमी उघडं टाकते ती.

पिशवीत माझा स्टीलचा डबा होता, लाडवांचा. तो बुरशीतून काढून तिनं इतका घासला होता की नव्यासारखा चकाकत होता. झाकण वेगळं ठेवलं होतं, शेजारी. आत काही नव्हतं. मी हात घालून बघितलं, कडेनं बोट फिरवून बघितलं, साखरेचा एखादा दाणा चिकटलाय का म्हणून पिशवी उलटी करून झटकली. रिकामा, कोरडा, झाकण उघडं. तिच्या यादीत लिहिलं होतं तसा.

नवरा आतून विचारत होता, कोण आलं होतं? त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं, पाइपापासून. तो उठून अंगणात गेला. काका त्याच वर्षाच्या शेवटी, विमानं सुरू झाल्यावर, यंत्रासकट पुण्याला परत गेले. मला कळलं ते आठवड्यानंतर, तिसऱ्याच कुणाकडून.

डबा ओट्यावरच्या फळीवर आहे. त्यात मी अजून काही भरलेलं नाही.